आवाजाला हात लावू द्या

(लष्कर, ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, हे या सभागृहातील बहुतेकांना लहानपणीच सांगितले गेले असेल आणि अनेकांनी तो चघळलाही असेल. गळ्याची एवढी काळजी घेणाऱ्या या गावात कानासाठी कोणत्या झाडाचा पाला खायचा, हे मात्र मला आजवर कोणी सांगितलेले नाही. आपणांपैकी कोणाला ठाऊक असेल तर व्याख्यानानंतर अवश्य सांगावे.

पत्रिकेवर आजचा विषय ‘मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी ध्वनिकलेचे प्रदर्शन’ असा छापला आहे. ज्यांना हा शब्द नवा वाटेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, चित्रकार जसा रंग वापरतो तसा हा कलावंत आवाज वापरतो. तो आवाज रागात किंवा तालात बसलाच पाहिजे असे नाही, आणि पुष्कळदा आलेल्या माणसाने ठोकल्यावर, फुंकर घातल्यावर किंवा नुसते चालत गेल्यावरच तो उमटतो. असे प्रदर्शन आपल्या गावात कसे असावे हे मला सांगायचे आहे. पण ते कसे असू नये हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

ग्वाल्हेर घराण्याचे गायक हस्सू खाँ आणि हद्दू खाँ यांची कथा येथे कोणाला नव्याने सांगायला नको. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात आणि हे दोघे भाऊ पडद्याआड बसून ती गायकी ऐकत, असे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. कथेत खरे किती आणि रंगवलेले किती, हा वाद मी येथे काढत नाही. मला तीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात: हे शिक्षण कानाने झाले, आणि कानाने घेतलेले त्यांनी गळ्यावर घासून पाहिले. ऐकणे आणि करून पाहणे या जोडीवर उभी राहिलेली ती गायकी पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, १९१८ मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंडे आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने येथे संगीत विद्यालय निघाले, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला. अशा गावातील पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपण तानसेन समारोहाला नेतो आणि ‘हलू नकोस, बोलू नकोस’ असे बजावून दोन तास मांडीवर दाबून ठेवतो. त्याच्या वाट्याला त्या जोडीतील अर्धेच येते, आणि तेही अवघडलेल्या पायांनी.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात मुलांसाठी भरलेले आवाजांचे प्रदर्शन पाहायला मी माझ्या मुलीबरोबर आणि सहा वर्षांच्या नातवाबरोबर मोठ्या उत्साहाने गेले होते. आत शिरल्यावर दिसले ते असे: ओळीने मांडलेली टेबले, प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि खुंटीला साखळीने बांधलेला एक हेडफोन. हेडफोन मोठ्या माणसांच्या मापाचे होते, त्यामुळे नातवाला तो दोन्ही हातांनी धरून उभे राहावे लागले. त्याच्या टेबलावर पावसाळी रानाचा आवाज होता आणि शेजारच्या टेबलावर त्याची आई डोळे मिटून दुसरेच काही ऐकत होती. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला आणि तो ओरडला, “आई, ऐक ना, बेडूक!” आईच्या कानांवर हेडफोन असल्यामुळे तिला ते ऐकू गेले नाही. त्याने पुन्हा सांगितले, पुन्हा तेच. शेवटी त्याने तिचा पदर ओढला, आणि तिने त्याचा हेडफोन कानाला लावेपर्यंत बेडूक निघून गेला होता.

मी छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मुलाला एखादी गोष्ट सापडल्यानंतरचे पहिले दोन क्षण किती मोलाचे असतात हे मी वर्गात रोज पाहत आले, म्हणून तो प्रसंग मला आजही लागतो. आवाज हवेतून पसरतो, म्हणजे तो मुळातच सामायिक असतो. आणि येथे एका कुटुंबातील तीन माणसे तीन वेगवेगळ्या पेट्यांत बंद करून ठेवली होती. शेवटच्या दालनात टांगलेले तांब्याचे पत्रे आणि तारा लावलेली एक लाकडी चौकट होती. नातू धावत तिकडे गेला, तर सभोवती दोरी आणि पाटी: ‘कृपया स्पर्श करू नये’. तेथील तरुण कर्मचाऱ्याने अतिशय नम्रपणे त्याला मागे घेतले. त्या तरुणाचा दोष नव्हता. बाहेर पडताना जिन्याच्या लोखंडी कठड्याला नातवाने कान लावला आणि मला दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायला सांगितले. हवेतून मुळीच ऐकू न येणारी ती खरवड लोखंडातून त्याच्या कानाशी स्पष्ट पोहोचत होती. त्या दिवसाचे आमचे प्रदर्शन ते तेवढेच.

मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की हात लावू दिला तर वस्तू मोडतात, आणि आवाज मोकळे सोडले तर ते एकमेकांत मिसळून कोणालाच काही ऐकू येत नाही. पहिले कारण मला पटले नाही; दुसऱ्याचा मात्र मी पुष्कळ दिवस विचार केला, कारण ते खरे आहे. दोन चित्रे एका भिंतीवर शेजारी सुखाने राहतात, दोन आवाज तसे राहत नाहीत. विजापूरच्या गोल घुमटात आपणांपैकी जे गेले असतील त्यांना याचा अनुभव असेल. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेले समोरच्या बाजूला ऐकू येते, म्हणून आपण सगळे जिने चढून जातो. पण वर एकाच वेळी शंभर माणसे आरोळ्या देत असतात आणि ज्या कुजबुजीसाठी गेलो तीच हरवते.

यावरचा उपाय मला आवाज कोंडण्यात दिसत नाही, हाताला मोकळीक देण्यात दिसतो. प्रत्येक वस्तू मुलाचा हात लागेपर्यंत गप्प राहिली आणि हात काढल्यावर थोड्याच वेळात पुन्हा गप्प झाली, तर दालन मुळात शांत राहते. ज्या आवाजाच्या मागे कोणीतरी मूल उभे आहे तेवढाच आवाज तेथे असतो, आणि तो शेजारच्या आईलाही त्याच क्षणी ऐकू येतो. ही कल्पना माझ्या पदरची नाही. फ्रान्समधील बाशे बंधूंनी १९५० च्या दशकात ओल्या बोटांनी वाजवायच्या काचेच्या कांड्या आणि धातूचे मोठे पत्रे यांची वाद्यशिल्पे केली. त्यांना वीज लागत नव्हती, आणि ती लोकांनी हाताळावीत असा त्या दोघांचा आग्रह होता. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले तेही मुलांनी सारे हाताळून पाहावे म्हणूनच. क्रोएशियातील झादर येथे २००५ पासून समुद्रकाठच्या दगडी पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवलेल्या आहेत. लाटा आत शिरल्या की त्यांतील हवा दाबली जाते, नळ्या वाजतात आणि वर पायऱ्यांवर बसलेली घरेच्या घरे एकाच वेळी ते ऐकतात.

चिटणिसांनी चिठ्ठी पाठवली आहे. माझ्याजवळ सात मिनिटे उरली आहेत आणि ज्यासाठी आपण आलात ते ग्वाल्हेरचे प्रदर्शन अजून तसेच राहिले आहे. तेव्हा भराभर सांगते.

पहिल्या दालनात पाणी असावे. काचेच्या पेल्यात पाणी वाढवत चमच्याने वाजवले की स्वर उतरत जातो, आणि बाटलीत पाणी वाढवत तोंडाशी फुंकर घातली की तो चढत जातो. पेल्यात काच आणि पाणी मिळून कंप पावतात, म्हणून भार वाढला की कंप मंदावतो. बाटलीत वरची हवा कंप पावते आणि पाण्याने ती आखूड होते. हे मुलाला आधी सांगू नये. दोन्ही शेजारी ठेवून त्याला बुचकळ्यात पडू द्यावे.

दुसऱ्या दालनात डफ आणि तबला असावा. डफाच्या चामड्यातून मुख्य स्वराबरोबर निघणारे उपस्वर एकमेकांशी नीट जुळत नाहीत, आणि तबल्यावरच्या काळ्या गोल थराच्या, म्हणजे शाईच्या, भारामुळे ते जुळून येतात; चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी याचा अभ्यास केला होता. मुलाने शाईवर आणि किनारीवर बोट फिरवून पाहावे. कोणी घराण्यातील गुरुजी शेजारी बसले तर उत्तम, पण पहिली पंधरा मिनिटे त्यांनी हात जोडून गप्प राहण्याची कृपा करावी.

तिसरे दालन सर्व कुटुंबाचे. हळूहळू चढत जाणारा एक सूर लावावा आणि ऐकू येईल तोवर प्रत्येकाने हात वर ठेवावा. लहान मुलांना सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि वयाबरोबर ही वरची हद्द खाली येते. त्यामुळे आजी-आजोबांचे हात आधी खाली येतील, मग आई-बाबांचे, आणि नातवाचा हात एकटाच वर राहील. तो काय ऐकतो आहे हे मग सगळ्या घराला त्यालाच विचारावे लागेल.

वस्तू मोडतील, हे मी मान्य करते. म्हणून त्या काच, लाकूड, पितळ आणि चामडे यांच्याच असाव्यात, आणि दाराशीच दुरुस्तीचे एक टेबल मांडून तेथे सुतार आणि भांडी ठोकणारा कारागीर बसवावा, म्हणजे मोडलेले नीट होताना त्याचा आवाज कसा परत येतो हेही मुलांना ऐकायला मिळेल. प्रवेश कुटुंबाने एकत्र घ्यावा. हेडफोन एकही नसावा. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांत सकाळी हे भरवता आले, तर त्याच संध्याकाळी मैफलीत बसलेल्या मुलाला तबल्यावर कान कुठे द्यायचा हे ठाऊक असेल.

जागेचे आणि खर्चाचे बोलणे कार्यकारिणीपुढे होईल. आपणांकडे मात्र एक मागणे आहे. ज्यांच्या माळ्यावर पितळेची घंगाळी, हंडे, पराती किंवा तळपायाला लावायच्या काशाच्या वाट्या पडून असतील, त्यांनी त्या मोडीत घालण्यापूर्वी मला एकदा वाजवू द्याव्यात. काशाची वाटी कडेवर लाकडाने हलके ठोकून पाहावी. नाद दहा आकडे मोजेपर्यंत टिकला तर ती माझ्यासाठी बाजूला ठेवावी. मी स्वतः घरी येऊन घेऊन जाईन.