देवडी

[दृश्य: फडताळ, पितळी डबे, शेजारी लॅपटॉप]

बडोदं. दांडिया बाजारातलं जुनं घर. आत्याच्या डब्यांशेजारी हा लॅपटॉप अहोरात्र चालू असतो. बिजागरी सेलोटेपनं बांधलेली. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, अशी त्याला ताकीद आहे.

यात आहेत घरच्या गणपतीच्या आरत्या, लग्नांचे फोटो आणि आजोबांच्या मोडीतल्या खर्चाच्या वह्यांचे स्कॅन. पूर्वी हे सगळं पेनड्राइव्हवर फिरायचं. गेलेला पेनड्राइव्ह कधी परत यायचा नाही.

आता घरच्यांना ते इंटरनेटवरूनच बघता यावं, म्हणून भाच्यानं डॉकरवर (प्रोग्रॅम आपापल्या बंद पेटीत चालवणारी सोय) फाइल ब्राउझर चढवला. गो भाषेतला आटोपशीर प्रोग्रॅम आहे. एक फोल्डर नेमून द्यायचा, तो वेबपानावर उघडतो. पहिला पासवर्ड तो स्वतःच बनवतो आणि लॉगमध्ये, म्हणजे आपल्या रोजनिशीत, छापतो. भाचा तो टिपायला विसरला. डेटाबेस पुसून पुन्हा श्रीगणेशा.

[दृश्य: वाड्याचं दार, आतून]

वाड्याला देवडी असायची. आलेला माणूस तिथे थांबायचा, आत वर्दी जायची, मगच पुढे. रिव्हर्स प्रॉक्सीचं, म्हणजे साइटपुढे बसणाऱ्या मध्यस्थाचं, काम हेच. इथे देवडीवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसलाय. इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रॅमरनं तो २००४ साली सर्वांसाठी खुला केला. पाहुणा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, येतो, एन्जिनएक्स त्याचा निरोप आत फाइल ब्राउझरच्या ८०८० वर पोचवतो. ये-जा कुलूपबंद ठेवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं: फुकट, ९० दिवसांचं. नूतनीकरण सर्टबॉट हा प्रोग्रॅम बघतो.

स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळवण्यात दोन आठवडे गेले. त्याबद्दल न बोललेलं बरं.

मग आत्या बसल्या. वहीच्या पानाचा फोटो, ७०० केबी, चढला. आरतीचं रेकॉर्डिंग, ३८ एमबी, चढेना.

"फोटो जातात, मग आरतीनं काय घोडं मारलंय?"

फाइल ब्राउझरच्या लॉगमध्ये अवाक्षर नाही. कसं असणार? फाइल आत पोचलीच नव्हती. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये मात्र ४१३ या एरर क्रमांकाची ओळ होती: सामान फार मोठं. वेगळं काही सांगितलं नाही, तर एन्जिनएक्स १ एमबीवर हात आखडतो. क्लायंट मॅक्स बॉडी साइझ ही एक ओळ वाढवली, रीलोड केलं, झालं.

खरी गफलत पुढे होती. भाच्यानं कंटाळून राउटरचा डीएमझेड लॅपटॉपवर वळवला होता, म्हणजे बाहेरून येणारं सगळंच थेट लॅपटॉपकडे. ८०८० तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं बंद केलंय, मग काळजी कसली? एकदा मोबाइल डेटावरून सहज साइटचा पत्ता ८०८०सकट टाकला, आणि लॉगिनचं पान उघडलं. देवडीला वळसा घालून, तेही विनाकुलूप. डॉकर उघडलेल्या पोर्टसाठी आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या ये-जा ठरवणाऱ्या नियमांच्या यादीत, स्वतःचे नियम लिहितो. यूएफडब्ल्यूच्या हातात ते येतच नाहीत. उपाय इवलासा: डॉकरच्या सेटिंगमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (संगणकाचा स्वतःपुरता पत्ता) लिहायचं, म्हणजे ८०८० फक्त त्या लॅपटॉपपुरतं उरतं. डीएमझेडही काढला. राउटरवर ८० आणि ४४३, बस.

[दृश्य: अपलोडची पट्टी पुढे सरकते]

"न्यू जर्सीच्या पोरीला दिसतंय का आता?"

"दिसतंय."

"मग वहीचं तिसरं पान काढून टाक. तिच्या सासऱ्यांची उधारी आहे त्यात."

"आत्या, तिला मोडी येत नाही."

"शिकेल."