आशा 'होती'

श्रोतेहो, सर्वांना प्रेमाचा सलाम.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात दोन माणसं यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी निघाली आहेत. येशूला वधस्तंभावर खिळल्याला तिसरा दिवस. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि विचारतो, कसलं बोलणं चाललंय तुमचं? ते जागच्या जागी थांबतात, तोंडं उतरलेली. मग सगळं सांगता सांगता म्हणून जातात, इस्राएलाची सुटका करणारा हाच, अशी आमची आशा होती.

'होती'. त्यांचं सगळं दुःख त्या एका क्रियापदात आहे. ती बरी होईल अशी आशा होती. मुलगा परत येईल अशी आशा होती. आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात हेच वाक्य अर्धवट पडून असेल.

माझ्या घरात ते बरेच महिने होतं. जवळचं माणूस गेलं आणि मला प्रार्थनाच करता येईना. गुडघे टेकायचो, पण शब्द सुचायचा नाही. भेटायला येणारे म्हणायचे, 'देवाची इच्छा', 'विश्वास धर'. चांगल्या मनानं म्हणायचे, पण खरं सांगतो, ते गेले की मी जास्तच एकटा पडायचो. आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई मात्र दर गुरुवारी संध्याकाळी यायच्या. पदरानं चष्मा पुसायच्या, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं क्रमानं येईल ते स्तोत्र मोठ्यानं वाचायच्या आणि निघायच्या. जाताना म्हणायच्या, 'तुझ्या वाटची प्रार्थना मी करते, तू नुसता बस.'

एका गुरुवारी 88वं स्तोत्र आलं. शोकाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना शेवटाकडे वळण मिळतं. तू माझं ऐकलंस, मी तुझी स्तुती करीन, असं काहीतरी येतं. या स्तोत्रात ते वळण येतच नाही. हा माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, तू मुख का लपवतोस म्हणून विचारतो, मित्र दूर गेले म्हणतो आणि थांबतो. मूळ हिब्रूत स्तोत्राचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. बाईंनी पुस्तक मिटलं. समजूत घातली नाही, की अर्थ सांगितला नाही. मला वाटलं, माझं बोलणं कुणीतरी आधीच बोलून ठेवलंय आणि ते पवित्र शास्त्रात आहे! कुणी खोडलं नाही, शेवट गोड करा म्हणून सुचवलंही नाही. त्या रात्री पुष्कळ दिवसांनी मी देवाशी भांडलो. भांडलो म्हणजे बोललोच की.

देव खचलेल्या माणसाशी कसा वागतो, हे पाहायचं तर बायबलमधलं '1 राजे' हे पुस्तक, अध्याय 19 काढा. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो. रानात दिवसभराची वाट चालून एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. एवढं म्हणून झोपी जातो. यावर देव त्याला उपदेश करत नाही, अविश्वासाबद्दल रागावत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो. ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा आडवा होतो. तरी देवदूत दुसऱ्यांदा येतो, कारण पुढची वाट लांबची आहे. होरेब डोंगरापर्यंत 40 दिवस आणि 40 रात्री. देवाचा मंद वाणीतला प्रश्न तिथं पोचल्यावर येतो, आधी नाही. आधी भाकर आणि झोप.

म्हणून ज्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतायत, त्यांनी आजच कुणाला तरी सांगावं, डॉक्टरांकडे जावं. त्यात विश्वासाला कमीपणा नाही. तो देवदूत काय घेऊन आला होता, ते आत्ताच आपण पाहिलं.

आता पुन्हा अम्माऊसच्या वाटेवर येऊ. मला तिथली एक गोष्ट फार आवडते. 'आशा होती' हे वाक्य ते दोघं ज्याला ऐकवतात, तो येशूच आहे. तो त्यांच्या बरोबरीनं चालतोय आणि त्यांना पत्ता नाही. दिवस कलल्यावर ते त्याला आग्रहानं ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, तेव्हा त्यांचे डोळे उघडतात आणि तो दिसेनासा होतो. रात्रीचं निघू नका म्हणून ज्याला थांबवलं, त्याच्यासाठी ते स्वतः त्याच घटकेला उठतात आणि आलेली सगळी वाट पुन्हा यरुशलेमेकडे तुडवतात.

आता मी 88वं स्तोत्र वाचतो. 18 वचनं आहेत. शेवटच्या शब्दानंतर लगेच गीत लावू नका, थोडी शांतता राहू द्या, असं इथल्या मंडळींना सांगून ठेवलंय. तेवढ्यात रेडिओ बंद पडला असं समजू नका. आम्ही इथंच असू.