आधी शिधा, मग धडा

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

कोरोनात मुलांसाठी काय झालं, असं कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं ‘ऑनलाइन वर्ग’. मला ते उत्तर पटत नाही. मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळांना कुलूप लागलं, तेव्हा वस्तीतल्या आणि पाड्यावरच्या पोराचं सगळ्यात आधी काय बुडालं? दुपारची खिचडी. फळा-खडूचा नंबर त्यानंतर. हे वस्त्यांत मुलांसोबत काम करणाऱ्या ज्या युवक गटांच्या लवकर ध्यानात आलं, त्यांची मुलांशी असलेली गाठ सुटली नाही. ज्यांनी आधी झूमची लिंक धाडली, त्यांच्याकडे थोड्याच दिवसांत चिटपाखरू फिरकेना.

शाळा बंद, मग पोषण आहाराचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० लाच स्वतःहून राज्यांना विचारला होता. आपल्याकडे मग तांदूळ आणि कडधान्यं कोरड्या शिध्याच्या रूपात पालकांना द्यायचं ठरलं. निर्णय चांगलाच होता, पण शिधा घ्यायला यायचं कुणी? आई-बाप नाक्यावर अडकलेले, काही थेट गावाकडे चालत निघालेले, कुणाचं रेशनकार्ड गावच्या पत्त्यावर. ही माहिती सरकारी यादीत नसते. ती असते वस्तीत खेळघर, म्हणजे मुलांचा खेळ-अभ्यासाचा वर्ग, चालवणाऱ्या ताईच्या वहीत. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचा स्टोव्ह रॉकेलवाचून थंड आहे, हे तिला तोंडपाठ असतं. लॉकडाऊनमध्ये खरी कामाला आली ती ही वही. मुंबईत ‘खाना चाहिए’सारखे नव्याने उभे राहिलेले गट हजारोंना जेवण पुरवत होते, तिथेही गल्लीतली पोरं सोबत असली की अन्न नेमक्या दारी पोचायचं.

आता फोनकडे येऊ. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचं प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. या आकड्यावर भल्याभल्यांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या वर्षीच्या पाहणीने त्यातली मेख दाखवली: घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येतच नव्हता. येणार कसा? बाप फोन खिशात घालून कामाला जातो. संध्याकाळी आला तर थोरल्या भावाचा हक्क पहिला, धाकटीच्या वाट्याला उरलेली बॅटरी.

पालघर जिल्ह्यातल्या दांडवळचं उदाहरण मला म्हणूनच फार आवडतं. तिकडे रेंजचीच बोंब. दिगंत स्वराज फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी २०२० च्या पावसाळ्यात काय केलं, तर चक्क लाउडस्पीकर उचलला. धडे आधीच ध्वनिमुद्रित केलेले. स्वयंसेवक स्पीकर घेऊन पाड्यापाड्यावर जायचे, मोकळ्या जागी तो मांडायचे, आणि मुलं अंतर राखून खाली बसून ऐकायची. नाव ठेवलं ‘बोलकी शाळा’. लग्नाच्या मांडवात कान किटवणारं यंत्र इथे कविता म्हणत होतं! शिवाय आवाज अख्ख्या पाड्याला ऐकू जातो; पोरगं काय शिकतंय हे चुलीपाशी बसलेल्या आजीलाही कळतं. झूममध्ये ही सोय नाही.

सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. दूरदर्शन सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही शाळेच्या धड्यांवरची मालिका लागायची. त्यांविषयी पुष्कळ लिहून आलंय, मी पुन्हा सांगत नाही.

मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्या लाटेनंतरच्या कामावर, कारण त्याचे फोटो कुणी काढले नाहीत. २०२१ च्या उन्हाळ्यात कितीतरी घरांतला कर्ता माणूस गेला. मागे उरली तिशीतली बाई, दोन लेकरं आणि खासगी दवाखान्याचं बिल. योजना होत्या. बालसंगोपन योजनेत तेव्हा मुलामागे महिना ११०० रुपये मिळत, पुढे ते २२५० झाले. मृताच्या वारसाला ५० हजारांचं सानुग्रह सहाय्य होतं, त्याचा अर्ज ऑनलाइन. पण कागद? मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचं बोनाफाईड, आणि घरासमोर उभं राहून काढलेला आई-मुलांचा फोटो. नवऱ्याला जाऊन महिना झालेला नाही आणि बाईला सांगायचं, वहिनी, जरा दारात उभ्या राहा, फोटो काढायचाय. हे विचारायला युवक गटांतली एकोणीस-वीस वर्षांची पोरं जात होती. काही जणी फोटो न काढताच परत यायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या.

त्यातून सासरचे म्हणायचे, पैसे आमच्या नावावर घ्या. दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही म्हणून अर्ज अडायचा. खरं तर दाखल्यात उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं. त्या आदेशाची प्रत मोबाइलवर ठेवून खिडकीशी हुज्जत घालणाऱ्या मुली मी पाहिल्यात. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली, सरकारने अशा बायकांना योजना मिळवून देण्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ आणलं, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या समित्या झाल्या. बैठकीपर्यंत ती बाई पोचायची ती मात्र बहुतेकदा अशाच कुणाच्या तरी स्कूटीवर मागे बसून.

अभ्यासाचं नुकसान यातून टळलं का? नाही. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचं प्रमाण ‘असर’नुसार देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २०.५ वर आलं. शिधा वाटून वाचन सुधारत नाही, हे मान्य. पण शाळा उघडल्यावर ताईने बोलावलं म्हणून जी मुलं परत आली, ती त्या शिध्याच्या ओळखीनेच आली, असं माझं निरीक्षण आहे.

मघाशी एक चिठ्ठी आली, या पोरांना काय मिळालं? आमच्या गटात फोनचं रिचार्ज आणि मास्क, बाकी काही नाही. मानधन द्यायला हवं होतं, आणि ते मागण्यात कमीपणा कसला? यातली काही जण पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्या बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षा झाल्या. ज्या फोनवर वस्तीच्या याद्या होत्या, त्याच फोनवर त्यांनी त्या दिल्या. पेपर चालू असताना कुणाच्या तरी आईचा फोन यायचा, ताई, तांदूळ आला का?