डबा मुंबईचा, पायऱ्या घरच्या

गणपतीला चाकरमानी आले की हल्ली पिशवीतून आणखी एक वस्तू निघते: प्रोटीन पावडरचा डबा. "आजी, रोज दोन चमचे दुधातून घ्यायचं हां." दिवाळीला बघावं तर डबा फडताळात, अर्धा भरलेला.

वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत कुठल्याही ओटीवर बघा. अडाळीवर नारळ खवून झाला की आजी उठते कशी? आधी तळवा जमिनीवर, मग दुसरा हात गुडघ्यावर, मग खांबाचा आधार. वय झालं, म्हणून आपण सोडून देतो. पण पायांतले स्नायू झडत असतात. घरीच पाहता येतं: हात छातीशी बांधून खुर्चीतून ५ वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता ताट बघूया. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री परत भात. कालवण असतं, पण तुकडी नातवंडांच्या पानात आणि आजीच्या वाट्याला रस! म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या आजीला दिवसाला ५० ते ६०. वाटीभर पातळ पेजेतून मिळतात जेमतेम दोन-तीन. कुळथाच्या पिठात १०० ग्रॅममागे वीसेक ग्रॅम असतात खरी, पण पिठीला पीठ लागतं चमचा-दोन चमचे. शंभरेक ग्रॅम बांगड्यात मात्र वीसच्या आसपास. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्या की अंडी, डाळ, दूध, नाहीतर सुकी मासळी. रक्तदाब असेल तर सुक्यातलं मीठ सांभाळून.

दातच नसतील, भूक मेली असेल, तर पावडर उपयोगाची आहे. पण एकटी नव्हे. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातले १०० जण होते, सरासरी वय ८७. ज्यांना १० आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिला, त्यांची ताकद दुपटीहून वाढली. ज्यांना नुसतं पोषक पेय मिळालं, त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही.

तेव्हा दुधाचा पेला हातात देण्याआधी आजीला खुर्चीतून दहादा उठवा, जोत्याच्या पायऱ्या चढवा, कुणीतरी शेजारी उभं राहून. डब्यावर साखर किती, प्रथिनं किती, तेही वाचा. काहींत साखरच जास्त निघते. आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारा, मगच झाकण उघडा.