आखाड्यावरचं मोठं पाखरू

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा पाऊस पडला, की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. किनवटहून, माहूरहून, कधी हिंगोलीकडून. भिंतीला तळहाताहून मोठं पाखरू चिकटलेलं, आणि खाली एकच प्रश्न: हे विषारी आहे का?

अजिबात नाही. त्याला नांगी नाही, आणि खाण्याजोगं तोंडसुद्धा नाही. अळी असताना जे खाल्लं, त्याच्यावरच त्याचे हे थोडे दिवस निघतात. बहुतेक वेळा तो असतो टसर रेशमाचा पतंग.

ओळखायचा कसा? किनवटकडे एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मला सकाळी तुराट्यांच्या कुडावर एक मादी दिसली. हळदीसारखी पिवळी, पोट जड. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध चक्क काच! तिथं पंखावर खवलेच नसतात. जवळ जाऊन पाहिलं, तर त्यातून मागची तुराटी दिसत होती. ही गोल काच म्हणजे टसरची मोठी खूण. नर बहुधा विटकरी रंगाचा आणि अंगानं सडपातळ. त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. रात्री मादीचा गंध तो त्यांनीच हेरतो.

असा पतंग दिसला, की लोक लगेच ‘अ‍ॅटलास’ म्हणतात; पण तो वेगळा पतंग. अ‍ॅटलासच्या पंखावरची काच तिकोनी असते आणि पंखाचं टोक सापाच्या फण्यासारखं वळलेलं. फिकट हिरवा, मागं लांब शेपट्या असलेला दिसला, तर तो चंद्रपतंग. आणि बीड-जालन्याकडच्या तुतीवाल्या शेतकऱ्यांनो, तुमच्या कोषातला पांढरा पतंग याच्यापुढं अगदीच लहान. त्याला तर उडताही येत नाही.

दिवसा हलत नाही म्हणून तो आजारी आहे असं समजू नका. हा रातीचा जीव. बोरीच्या नाहीतर ऐनाच्या फांदीला देठानं लटकलेला अंड्याएवढा टणक कोष तुम्ही पाहिला असेल. पाऊस लागला, की त्याचं तोंड आतून मऊ करून पतंग बाहेर येतो, पंख वाळवतो आणि अंधार पडायची वाट पाहतो. त्याला झाडूनं झटकू नका, औषध मारू नका. पंख चिमटीत धरले, तर खवले बोटाला लागतात आणि पंख फाटतात.

पायांत पोरं-कोंबड्या असतील, तर एक काडी हळूच त्याच्या पायांपुढं धरा. आखाड्यावर मी तेच केलं. ती सावकाश काडीवर चढली, आणि मी तिला बांधावरच्या बोरीवर नेऊन ठेवलं; अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांना पाला तिथंच मिळणार. दिवेलागणीला तिचे पंख थरथरायला लागले. मी कंदील घेऊन परत येईपर्यंत फांदी रिकामी होती.