घाटमाथा ते माणदेश

[दृश्य: मे अखेर, महाबळेश्वर, आर्थर सीट पॉइंट]

इथल्या कड्यावरून वाळलेलं पान खाली सोडून बघा. ते दरीत पडत नाही, भिरभिरत परत वर येतं. सावित्रीच्या खोऱ्यातून वारा थेट कडा चढून येतोय, आणि पुढच्या चार महिन्यांत साऱ्या सातारा जिल्ह्याचं नशीब ठरवणार आहे तो हाच वारा.

अरबी समुद्रावरून निघालेली ही हवा बाष्पाने जड असते. महाडपर्यंत तिला फारसा अडसर नाही. मग समोर सह्याद्री उभा ठाकतो आणि तिला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते. पसरली की गार होते आणि बाष्पाचं पाणी होतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तो यामुळे. पूर्वी इथली माणसं पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून गवताचे तट्टे बांधायची, कारण इथे पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो.

[दृश्य: पाचगणी, टेबल लँड]

महाबळेश्वरपासून पाचगणी जेमतेम १८-२० किलोमीटर. उंची जवळपास तेवढीच, शंभर मीटरचाही फरक नाही. तरी पाऊस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास! म्हणजे गाव किती उंचावर आहे एवढंच पाहून चालत नाही. वाऱ्याच्या तोंडावर आहे की पाठीला, हे आधी बघावं लागतं.

थंडीचंही तसंच. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, म्हणून मे महिन्यात पुण्याची माणसं इकडे धाव घेतात. पण जानेवारीच्या कितीतरी रात्री पुणंच महाबळेश्वरपेक्षा गार असतं. निरभ्र रात्री जड, थंड हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. वेण्णा लेकच्या काठावर पहाटे दवबिंदू गोठतात, तेव्हा वर बाजारपेठेत पारा कितीतरी वर असतो.

[दृश्य: पसरणी घाट, खाली वाई]

घाट उतरताना हवा दाबली जाते, तापते आणि ढग विरू लागतात. शिवारं बघत चला, पर्जन्यमापकाची गरज पडणार नाही. डोंगरउतारावर नाचणी, पश्चिमेच्या खोऱ्यात भात, वाईकडे हळद आणि ऊस. त्याच्याही पूर्वेला, खटाव-माणात, बाजरी, ज्वारी आणि मेंढरांचे कळप.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. महाड पाण्याखाली गेलं. माण तालुक्यात एवढा पाऊस सबंध वर्षातही सहसा पडत नाही, आणि माणचं मुख्य गाव दहिवडी महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. आषाढात माणवरूनही ढग जातात, माणसं मान वर करून बघतात, ढग पुढे निघून जातात. हे वर्षानुवर्षं सोसलेल्या मुलखाला निव्वळ ‘दुष्काळी’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. तो पर्जन्यछायेत आहे, आणि ही सावली याच जिल्ह्याच्या डोंगराची आहे.

[दृश्य: आंधळी धरण]

आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून नेर तलावात आणि तिथून पुढे माणच्या या धरणात सोडलं जातं. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस वाऱ्याने इथवर आणला नाही. तो आता विजेवर, जलवाहिनीतून आणि बोगद्यातून येतो.