धार बसल्या जागी जाते

कोयती-सुरीची धार कधी जाते, असं विचारलं की सगळे म्हणतात, कापताना. मी म्हणतो, आपल्या किनाऱ्यावर ती पावसाळ्यात बसल्या जागी जाते आणि शिव्या लोहार खातो. 'तापल्या पात्याला पाणीच नीट दिलंन नाही,' म्हणून आपण मोकळे!

आमच्या वाडीत एक चाकरमानी आहेत. नाव सांगत नाही; हसायला कोण विसरतंय ते बघा, म्हणजे कळेल. मे महिन्यात आले, आंबे-फणस उरकले. परतताना नवी कोयती धुतलीनी, ओलसरच वर्तमानपत्रात गुंडाळलीनी, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर, आणि सगळं पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. एवढा बंदोबस्त आमच्याकडे देव्हाऱ्यातल्या टाकांनाही नसतो. गणपतीला आले, मखराला केळीचे खांब हवेत म्हणून ट्रंक उघडली. कागद पात्याला असा चिकटलेला, की सोलून काढला तरी सोन्याचा भाव कोयतीवरच राहिला! तसेच तणतणत लोहाराकडे. म्हणाले, फसवलंस. लोहार फार बोलणारा नव्हे. त्याने विचारलं, ''कुलूप मोडलेलं होतं?'' नाही. ''मग चोर तुम्हीच आत कोंडलात.''

(वाजवा टाळ्या, पण त्या लोहाराला. यांनी अजून त्याचे पैसे दिलेले नाहीत.)

आता हा चोर कोण? जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तोच. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. खारा वारा तेच मीठ कोयतीवर आणून बसवतो, आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा त्या आकड्याच्या खाली फारशी येतच नाही. म्हणजे पातं खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्यासारखंच. पाठीला गंज चढला तर कोयतीचं काही बिघडत नाही. धार मात्र केसाहून कितीतरी बारीक, ती पहिल्यांदा खाल्ली जाते. पूर्वी कोयती चुलीवरच्या वाशाला खोचलेली असायची. लोक त्याचं श्रेय धुराला देतात. माझ्या मते ते उबेचं. चूल गेली, वासा गेला, आणि कोयती मोरीजवळच्या कोपऱ्यात आली. त्याहून वाईट जागा घरात नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. हत्यारं कशी ठेवायची हे सांगायला बोलावलंत, ते राहिलंच, तेव्हा भराभर सांगतो. गोड्या पाण्याने धुवा, कोरडं पुसा, घटकाभर उन्हात ठेवा, मग तेलाचा हात फिरवा. स्वयंपाकघरात खोबरेल, चार महिने पडून राहणाऱ्या हत्याराला मशिनचं तेल नाहीतर ग्रीस. टांगा, पण भिंतीला टेकवू नका, पावसात भिंतही ओली असते. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं. सुऱ्या खणात चमच्यांबरोबर टाकू नका. एकमेकींवर आपटून धार मुडपते. चुंबकाची पट्टी असेल तर आधी पाठ टेकवा, मग पातं. स्टेनलेसवर फार विसंबू नका. त्यात निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं हे खरं, तरी मीठ त्याला बारीक खड्डे पाडतंच. आमसुलं कापलीत की सुरी लगेच धुवा.

मागे कोणीतरी अडकित्त्याचं विचारत होतं. सुपारीचा रस पुसायचा, खिळ्यात तेलाचा थेंब सोडायचा आणि मिटून ठेवायचा. विळीचं चहा घेताना बोलू.